पहिली शिडाची नाव हाताने घडवताना

लाकडी नावांचं वेड लागलं की बहुतेकांचा हात आधी तीन डोलकाठ्यांच्या, शंभर तोफांच्या जहाजाकडे जातो. माझाही गेला होता. खोक्यातून शेकडो सुटे भाग निघाले, दोन महिने उत्साह टिकला आणि ते जहाज आजही कपाटावर फासळ्या दाखवत पडून आहे. त्यानंतर अर्ध्या मीटरची एक साधी, एका डोलकाठीची नाव केली. ती पाण्यावर चालली आणि मग हा छंद सुटलाच नाही.

म्हणून हा लेख त्या दुसऱ्या नावेबद्दल आहे: साधारण ५० सेंमी लांब, १२ सेंमी रुंद, दोन शिडांची, तळाला वजन असलेली आणि खरोखर वाऱ्यावर चालणारी. रोज तासभर दिला तर दोन-तीन महिन्यांत होते. पाण्यात सोडायची नसली तरी अशीच करा. शोकेसमधल्या नावेच्या चुका रंगाखाली झाकता येतात, पाण्यात मात्र काहीच लपत नाही, त्यामुळे शिकणं लवकर होतं.

सुरुवातीला काय काय लागेल

आराखडा सगळ्यात आधी. त्यात तीन चित्रं हवीतच: नाव बाजूने कशी दिसते, वरून कशी दिसते आणि ठरावीक अंतरावर आडवी कापली तर तिचे छेद कसे दिसतात. हे छेद म्हणजेच तुमच्या फासळ्या. छेद नसलेला आराखडा म्हणजे नुसतं चित्र, त्यावरून नाव होत नाही. छापून घेतल्यावर कागदावरची मोजपट्टी खऱ्या पट्टीशी ताडून पाहा. ‘पानात बसवा’ हा पर्याय चुकून निवडलेला असतो आणि नाव चार टक्के लहान होते.

हत्यारं फार लागत नाहीत:

- बारीक दातांची करवत आणि फासळ्या कापायला फ्रेटसॉ (वळणं कापायची अगदी बारीक पात्याची करवत)
- धारदार कटर, भरपूर जादा पात्यांसह
- हातात मावेल एवढा छोटा रंधा
- एक चपटी आणि एक अर्धगोल कानस
- गुण्या, स्टीलची पट्टी, टोकदार पेन्सिल
- हाताने फिरवायचं बारीक ड्रिल, १ ते ३ मिमीच्या बिट्ससह
- ८०, १२०, १८०, २४० आणि ४०० नंबरचा पॉलिशपेपर
- कपड्यांचे चिमटे, रबर बँड, टाचण्या (हे कितीही असले तरी कमीच पडतात)

लाकडात फासळ्यांसाठी ४ मिमीचा चांगला प्लायवूड घ्या. अंगावरच्या पट्ट्यांसाठी बासवूड किंवा लाइमवूड उत्तम. रेषे बारीक, वाकतं छान, घासायला सोपं. बाल्सा अतिशय हलका असतो, पण नखानेही खड्डा पडतो. सागाचं नाव घेतल्याशिवाय आपल्याकडे लाकडाची गोष्ट पूर्ण होत नाही, पण एवढ्या छोट्या नावेला तो जड पडतो, रेषे जाडे दिसतात आणि त्याच्या तेलकटपणामुळे गोंद नीट धरत नाही.

गोंद तीन प्रकारचे लागतात. लाकूडकामाचा पांढरा गोंद मुख्य कामाला, पण डब्यावर ‘जलरोधक’ लिहिलेला. साधा पांढरा गोंद ओलाव्यात पुन्हा मऊ पडतो. दुसरा इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारा, आतून-बाहेरून थर द्यायला. तिसरा झटपट चिकटणारा सुपरग्लू, तोही थेंबाथेंबाने. सुपरग्लू सुती कापडावर सांडला तर कापड तापून चटका बसतो, कधी धूरही निघतो. तो पुसायला सुती चिंधी घेऊ नका आणि सुती हातमोजे घालून तो हाताळू नका.

१. आधी वजनाचं गणित करा

ही पायरी सगळे टाळतात, आणि नाव कलंडते ती इथेच.

नाव जेवढं पाणी बाजूला सारते तेवढंच तिचं एकूण वजन असावं लागतं. गोड्या पाण्याचा एक घन सेंमी म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे हिशेब सोपा आहे. पाण्याच्या रेषेवरची लांबी ४४ सेंमी, रुंदी १२ आणि अंगाची पाण्यातली खोली ४ सेंमी धरा. गुणाकार येतो २११२. पण नाव म्हणजे खोकं नव्हे, दोन्हीकडे निमुळती असते. अशा आकाराला ढोबळमानाने ०.४ ने गुणायचं. उत्तर साधारण ८५० ग्रॅम. लाकूड, डोलकाठी, शिडं, रंग मिळून ४५० ग्रॅम झाले, तर उरलेले ४०० ग्रॅम तळाचं वजन.

हे वजन पोटात ठेवून भागत नाही. ते नावेच्या खाली, १२-१४ सेंमी खोल जाणाऱ्या उभ्या पात्याच्या टोकाला हवं. का, ते समजून घ्या. नाव दहापट लहान केली की शिडाचं क्षेत्रफळ शंभरपट कमी होतं आणि वजन हजारपट. वारा मात्र तोच राहतो. त्यामुळे नावेला सरळ उभं ठेवणारा जोर हा तिला आडवं पाडणाऱ्या जोरापेक्षा दहापट जास्त घटतो. खऱ्या जहाजाची हुबेहूब छोटी प्रतिकृती पहिल्याच झुळकीला आडवी होते, याचं कारण हे. तिच्या मापात नसलेलं खोल पातं तिला लावावंच लागतं.

खऱ्या जहाजांनाही हा हिशेब चुकवता आलेला नाही. स्वीडनचं ‘वासा’ हे ६४ तोफांचं नवंकोरं जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोम बंदरातून निघालं आणि जेमतेम १३०० मीटर जाऊन बुडालं. वरचा भाग जड, तळाला वजन अपुरं. वाऱ्याच्या झोतात ते कललं आणि तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरलं.

आपल्या नावेसाठी १६ मिमी व्यासाची गोल लोखंडी सळई घ्या, साडेबारा सेंमीचे दोन तुकडे करा आणि पात्याच्या दोन्ही अंगांना एकेक बसवा. दोन्हींचं मिळून वजन ४०० ग्रॅमच्या आसपास भरतं. गंजू नये म्हणून वर इपॉक्सी. शिसं जास्त जड असल्यामुळे कमी जागेत मावतं हे खरं, पण ते विषारी आहे. घरात शिसं वितळवण्याच्या फंदात पहिल्या नावेला तरी पडू नका.

२. पाटावर फासळ्या उलट्या उभ्या करा

नाव उलटी बांधायची, तळ आकाशाकडे. खाली एक जाड, अजिबात न वाकलेला पाट घ्या. त्यावर मधोमध एक सरळ रेष आणि तिला काटकोनात दर ५ सेंमीवर आडव्या रेषा काढा. प्रत्येक फासळी कापताना तिला वरच्या बाजूने जादा पाय ठेवा, असे की सगळ्या पायांची टोकं एकाच पातळीत येतील. हे पाय पाटावर टेकतात आणि नाव पुरी झाल्यावर कापून टाकायचे असतात.

प्रत्येक फासळीवर मध्यरेषा पेन्सिलीने दोन्ही बाजूंना काढून ठेवा. फासळी उभी केली की गुण्या लावा, मध्यरेषा पाटावरच्या रेषेशी जुळवा, मगच गोंद. मग तळावरच्या खाचांत कणा म्हणजे कील बसवा, पुढे नाळेचा, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकाचा, वळणदार तुकडा, मागे ट्रान्समची, म्हणजे मागचं टोक बंद करणारी आडवी फळी. पातं ज्यातून खाली जाणार ती उभी फट आत्ताच ठेवा आणि तिच्याभोवती आतून एक बंदिस्त खोबण करून घ्या. नंतर तयार अंगाला भोक पाडण्यासारखं दुःख नाही.

गोंद सुकल्यावर नाळेच्या बाजूने एक डोळा मिटून पाहा. सगळ्या फासळ्यांच्या मध्यरेषा एकामागे एक लपायला हव्यात. एखादी डोकावत असेल तर आताच उखडा.

३. फासळ्यांच्या कडा घासा, आणि मग आणखी घासा

या छंदात मला कळलेली खरी गोष्ट एकच आहे, ती इथे सांगतो: नावेचा आकार पट्ट्या ठरवत नाहीत, त्यांच्याखालच्या फासळ्यांच्या कडा ठरवतात. नवशिका घाईने पट्ट्या लावायला धावतो, कारण तिथे नाव ‘दिसायला’ लागते. आणि मग तीन आठवडे पुट्टी भरत बसतो.

फासळी कापली तेव्हा तिची कड काटकोनात होती. पण पट्टी तिच्यावरून तिरकी जाणार आहे. मधल्या फासळ्यांवर हा तिरकेपणा जवळजवळ नसतो, नाळेकडच्या फासळ्यांवर तो खूप असतो. कड तशीच सोडली तर पट्टी फक्त एका धारेवर टेकते, गोंदाला जागा मिळत नाही आणि बाहेरून तिथे उंचवटा दिसतो.

लाकडाच्या एका लांब पातळ फळीवर ८० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवा. फळी एवढी लांब हवी की एका वेळी तीन फासळ्यांवर टेकेल. एकेकटी फासळी कधीच घासू नका. नाळेकडून मधे, ट्रान्समकडून मधे, दोन्ही बाजू सारख्या. थोडं घासलं की एक पट्टी घ्या, नुसती हाताने फासळ्यांवर धरा आणि खालून टॉर्चचा उजेड टाका. जिथे उजेडाची फट दिसते तिथे फासळी खोल आहे. तिथे कागदाएवढी पातळ चीप चिकटवा. जिथे पट्टीला कोपर फुटल्यासारखं दिसतं तिथे फासळी वर आहे, ती घासा. पट्टी उभी, आडवी, तिरकी अशी सगळीकडे फिरवून पाहा.

मी हे काम एका संध्याकाळचं समजलो होतो, आठ दिवस लागले. फासळ्यांच्या कडेला काळ्या मार्करने रेघ ओढून ठेवायची युक्ती फार उपयोगी पडते. घासताना रेघ कुठे पुसली आणि कुठे राहिली यावरून हात कुठे पोहोचतो आहे ते कळतं.

४. पट्ट्यांचा हिशेब कागदाच्या फितीने करा

नावेचं पोट मधे फुगीर, टोकांना निमुळतं. सारख्या रुंदीच्या पट्ट्या लावत गेलात तर नाळेपाशी त्या एकमेकींवर चढतात आणि वरच्या दिशेला सटकतात. म्हणून पट्ट्यांना टोकाकडे निमुळतं करावं लागतं. किती, ते डोळ्यांनी ठरवू नका.

कागदाची एक अरुंद फीत घ्या. मधल्या फासळीवर डेकच्या (नावेवरच्या झाकणफळीच्या) रेषेपासून कण्यापर्यंत ती गुंडाळून लांबी मोजा. समजा ९६ मिमी आली आणि पट्टी ६ मिमी रुंद आहे, तर एका बाजूला १६ पट्ट्या. आता नाळेजवळच्या फासळीवर तीच फीत लावा. तिथे ६४ मिमी आली तर प्रत्येक पट्टी तिथे ४ मिमी व्हायला हवी. प्रत्येक फासळीवर असे १६ भाग पेन्सिलीने खुणा करून ठेवा. पट्टी या खुणांवरून आपोआप तिची वाट सांगते.

पट्टी टोकाला मूळ रुंदीच्या निम्म्याहून अरुंद करू नका, म्हणजे इथे ३ मिमीच्या खाली नाही. त्याहून बारीक टोक मोडतं, आणि धरायला जागाही उरत नाही. तेवढी जागाच नसेल तर दोन पट्ट्या मधेच संपवून त्यांच्या जागी एकच पुढे न्यायची. उलट मागच्या बाजूला जागा जास्त उरली तर मधे पाचरीसारखा तुकडा भरायचा. जुने जहाजबांधणीवाले हेच करायचे, त्यात कमीपणा काही नाही.

५. पट्ट्या लावा: एक डावीकडे, एक उजवीकडे

दीड मिमी जाडीच्या पट्ट्या कोमट पाण्यात वीसेक मिनिटं भिजवा. मग फासळ्यांवर चिमट्यांनी आणि टाचण्यांनी धरून तशाच वाळू द्या, गोंद न लावता. दुसऱ्या दिवशी त्या वळण घेऊन बसलेल्या असतात. तेव्हा काढून, रंध्याने निमुळत्या करून, गोंद लावून कायमच्या बसवा. ओली पट्टी फुगलेली असते. ती तशीच चिकटवली तर वाळून आक्रसते आणि प्रत्येक सांध्याला फट पडते.

डेकच्या रेषेपासून सुरुवात करून कण्याकडे जा. आणि एक पट्टी डावीकडे लावली की दुसरी उजवीकडे, हा नियम मोडू नका. मी एकदा रविवारच्या जोशात एका बाजूच्या सहा पट्ट्या सलग लावल्या. सोमवारी सकाळी कणा धनुष्यासारखा एका बाजूला ओढला गेला होता. ती नाव आजही हलकेच डावीकडे वळते, सुकाणू सरळ असलं तरी.

सगळ्या पट्ट्या झाल्या की अंग घासायचं. ८० नंबरपासून सुरुवात करून चढत्या क्रमाने २४० पर्यंत. हात रेषांच्या दिशेने. डोळे मिटून तळवा फिरवा. डोळ्यांना न दिसणारे चढउतार तळव्याला कळतात. मास्क लावा, कारण बारीक भुसा छातीत जातो. देवदाराच्या जातीचं लाकूड, विशेषतः सीडर, अनेकांना त्रास देतं.

६. डेक बसवण्याआधी आतून बंद करा

नाव पाटावरून काढून पाय कापा. आता आतल्या बाजूला इपॉक्सीचा पातळ थर द्या, कोपऱ्याकोपऱ्यात, फासळ्यांच्या मुळाशी, पात्याच्या खोबणीभोवती तर दोनदा. बाहेरून कितीही व्हार्निश लावलं तरी आत शिरलेलं थोडं पाणी उघडं लाकूड पिऊन घेतं, मग पट्ट्या फुगतात आणि सांधे सुटतात. डेक चिकटवल्यावर आत हात जात नाही. मला हे डेक चिकटवल्यानंतर आठवलं होतं.

इपॉक्सीचे दोन भाग डब्यावर दिलेल्या प्रमाणातच मिसळा. ‘लवकर सुकेल’ म्हणून हार्डनर (घट्ट करणारा भाग) जास्त घालणारे खूप भेटतात. त्याने ते लवकर सुकत नाही, चिकट राहतं.

सुकाणूची नळी, डोलकाठीखालचा आधार, दोर बांधायच्या कड्यांखालचे ठोकळे हे सगळं डेकआधी. डेकमध्ये एक छोटं बुचाचं भोकही ठेवा.

७. डोलकाठी चौकोनातून गोल करा

तयार गोल काठी सहसा वाकडी असते. त्यापेक्षा सरळ रेषांची ८ मिमीची चौकोनी काठी घ्या, ७० सेंमी लांब. आधी ती चारही बाजूंनी रंधून वरच्या टोकाकडे ५ मिमीपर्यंत निमुळती करा. मग प्रत्येक बाजूवर रुंदीचे ७, १० आणि ७ अशा प्रमाणात तीन भाग पाडणाऱ्या दोन रेघा मारा. ८ मिमीला ते साधारण २.३, ३.३ आणि २.३ मिमी येतात. कोपरे या रेघांपर्यंत रंधले की नीट अष्टकोन मिळतो. पुन्हा आठ कोपरे मोडले की सोळा बाजू. उरलेलं काम पॉलिशपेपरचं.

डोलकाठीचा पाय एकाच भोकात कायमचा अडकवू नका. एक-एक सेंमीवर तीन भोकं ठेवा. कारण पुढच्या पायरीत कळेल.

८. शिडं कापा आणि तोल शोधा

दोन्ही शिडं मिळून ७०० चौरस सेंमीच्या आसपास पुरतात: मोठं ५५ सेंमी उंच आणि तळाला १८ सेंमी, पुढचं ४० आणि ११. यापेक्षा मोठ्या शिडांचा मोह होतो, पण पहिल्या नावेला नको.

हलकं, घट्ट विणीचं कापड घ्या. पतंगासाठी वापरतात ते रिपस्टॉप नायलॉन चांगलं. कापताना विणीचे धागे शिडाच्या मागच्या मोकळ्या कडेला समांतर हवेत. पुढची कड डोलकाठीला किंवा दोराला बांधलेली असते, खालची बूमला, म्हणजे शिडाखालच्या आडव्या काठीला. मागच्या कडेला आधार काहीच नाही. ती तिरक्या विणीवर आली तर ताणली जाऊन फडफडते. शिवलेली दुमड एवढ्या छोट्या शिडाला चुण्या पाडते. नायलॉनची कड गरम टोकाने कापली की धागे सुटत नाहीत, शिवायची गरजच उरत नाही.

आता तोल. पातं आणि सुकाणू लावलेली नाव टबात सोडा. तळाचं वजनही जागेवर असू द्या, म्हणजे ती बरोबर पातळीवर तरंगेल. पेन्सिलीच्या टोकाने, पाण्याच्या रेषेजवळ, तिला अगदी हळू बाजूने ढकला. पुढच्या भागाला ढकललं तर नाळ पळते, मागच्या भागाला ढकललं तर शेपूट पळतं. मधे एक जागा अशी येते की नाव न फिरता सरळ आडवी सरकते. तिथे खूण करा. हा पाण्याचा बिंदू, पाण्याचा आडवा विरोध जिथे एकवटतो ती जागा.

वाऱ्याचा बिंदू, म्हणजे शिडांवरचा जोर जिथे एकवटतो ती जागा, कागदावर काढायचा. दोन्ही शिडं, त्यांच्यातलं अंतर राखून, पुठ्ठ्याच्या एकाच तुकड्यावर छोट्या मापात काढा. शिडं सोडून उरलेला पुठ्ठा कापून टाका, फक्त दोन्हींना जोडणारी बारीक पट्टी ठेवा, आणि तो पुठ्ठा पेन्सिलीच्या टोकावर तोला. जिथे तोलतो तो बिंदू पाण्याच्या बिंदूपेक्षा किंचित पुढे, आपल्या नावेला साधारण २ सेंमी, पडायला हवा. पडत नसेल तर डोलकाठी दुसऱ्या भोकात. म्हणून ती तीन भोकं.

दोरांसाठी पॉलिस्टरचा न ताणणारा दोरा वापरा. सुती दोरा ओला होऊन लांबी बदलतो. डोलकाठी धरून ठेवणारे बाजूचे, पुढचे, मागचे ताणदोर आधी, शिडं सोडणाऱ्या-आवळणाऱ्या दोऱ्या नंतर. गाठीवर सुपरग्लूचा अर्धा थेंब.

९. पाण्यात सोडा

हलका वारा, छोटं तळं, आणि नावेला बांधलेली मासेमारीची लांब दोरी. खोल पाण्याशी किंवा वाहत्या प्रवाहाशी पहिल्या दिवशी मैत्री नको.

वारा बाजूने येईल अशी नाव धरा. दोन्ही शिडं मध्यरेषेपासून तीस-चाळीस अंश बाहेर, पुढचं शीड मोठ्यापेक्षा थोडं सैल. सुकाणू सरळ, बोटाने फिरेल पण आपोआप फिरणार नाही इतकं घट्ट. सोडा, ढकलू नका.

नाव वळून वाऱ्याच्या तोंडावर जाऊन उभी राहिली आणि शिडं फडफडू लागली तर मोठं शीड सैल करा. तरी तेच झालं तर डोलकाठी एक भोक पुढे. उलट ती वाऱ्याकडे पाठ करून पळू लागली तर पुढचं शीड सैल करा, नाहीतर डोलकाठी मागे. एका वेळी एकच बदल. दोन केलेत तर कशामुळे सुधारलं ते कळणार नाही. माझी दुसरी नाव सातव्या प्रयत्नाला पलीकडच्या काठाला लागली.

घरी आल्यावर डेकचं बूच काढा, नाव उलटी करा आणि रात्रभर सावलीत ठेवा. थेंबभर पाणी निघालं तर ठीक आहे. चमचाभर निघालं तर बूच लावून नाव टबात दाबून धरा आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहून तिथे पेन्सिलीने गोल करा.